दसऱ्याऐवजी घटस्थापनेला

"पाच लाख बावन्न हजार." बँकेतल्या कर्ज विभागाच्या साहेबांनी आमच्या विवरणपत्रावरच्या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि कागद आमच्याकडे फिरवला. "वर्षाचं उत्पन्न एवढं. जुन्या मशीनचा हप्ता चालू आहे, घरखर्च आहे. अठरा लाखांच्या नव्या मशीनचा हप्ता यातून कसा जाणार, सांगा भाऊ."

मे २०२४ मधली गोष्ट. नाशिकच्या अंबडला एक्सलो पॉइंटच्या मागे भाड्याच्या गाळ्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन जुने लेथ, एक सीएनसी (संगणकावर चालणारा लेथ), चार कामगार आणि हे स्वतः. गाड्यांच्या सुट्या भागांचं टर्निंग करतो. थोडं जॉबवर्क, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालावर, थोडं स्वतःचा धातूचा बार (सळई) आणून. बिलं, बँक, पगार, जीएसटीचे कागद मी बघते. दुसऱ्या सीएनसीला पुरेल एवढं काम हातात होतं, म्हणून कर्जाला गेलो होतो. साहेबांच्या प्रश्नाला हे काहीच बोलले नाहीत, मीही नाही. त्या वर्षी आम्ही त्याहून जास्त कमावलं होतं हे दोघांनाही माहीत होतं, आणि ते तिथे बसून सांगायची सोय नव्हती.

तो आकडा आला कुठून ते सांगते, कारण अंबड-सातपूरच्या कितीतरी गाळ्यांत अजून तसंच चालतं. प्राप्तिकर कायद्याच्या ४४ एडी कलमात छोट्या धंद्याला एक सवलत आहे. उलाढाल दोन कोटींच्या आत असेल (रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटी) तर खर्चाचा तपशील ठेवायचं बंधन नाही. बँकेतून आलेल्या रकमेच्या सहा टक्के आणि रोखीच्या आठ टक्के नफा धरायचा आणि त्यावर कर भरायचा. आमची २०२२-२३ ची उलाढाल ९२ लाख, सगळी बँकेतून. त्याचे सहा टक्के ५ लाख ५२ हजार. त्यातून विम्याचे हप्ते वजा केले की कर शून्य, वर गिऱ्हाइकांनी पैसे देतानाच कापलेला कर (टीडीएस) परत. विवरणपत्र भरून देणारे गृहस्थ फक्त उलाढाल विचारायचे, दुसरं काही नाही. रिफंड जमा झाला की आम्हाला वाटायचं, कराचं काम चोख झालं.

नणंदेनं कॅनडा कॉर्नरजवळच्या एका सीए मॅडमचं नाव सुचवलं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी आम्ही गेलो. मी बिलांनी भरलेली कापडी पिशवी घेऊन गेले होते. हे म्हणाले, "मॅडम, कर्ज तर हवंच, पण टॅक्सही वाढायला नको. काहीतरी प्लॅनिंग करून द्या."

मॅडमनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "मागच्या वर्षी खरा नफा किती झाला?"

दोघंही गप्प. हे म्हणाले, आठ-नऊ लाख असेल. मी म्हणाले, दहा. मॅडम म्हणाल्या, "ताई, हा आकडा घेऊन या. मग बोलू." पुढे एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली, जी आम्हाला इतक्या वर्षांत कोणी सांगितली नव्हती. सहा टक्के हा कायद्यानं ठरवलेला किमान आकडा आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त सुटलं असेल तर जास्तीचं दाखवायचं, आणि तीच सवलत ठेवून तसं दाखवता येतं.

पुढचे सहा दिवस मुलं झोपली की मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बिलं मांडून बसायचे. बँकेची स्टेटमेंट होती, त्यामुळे मोठ्या रकमा लागल्या. अडलं ते किरकोळीत. इन्सर्ट, कूलंट, डिझेल, टेम्पोचं भाडं. काउंटरवरची बिलं गुळगुळीत थर्मल कागदावर असतात. उन्हाळाभर गाळ्यातल्या पत्र्याखाली राहून ती कोरी झाली होती. उजेडाकडे तिरपी धरली की दुकानाचं नाव पुसट दिसायचं, रक्कम नाहीच. अशी साठ-सत्तर बिलं निघाली. खर्च खरा होता, पैसे गेले होते, आणि हातात पांढरी चिठ्ठी. त्या दिवसापासून बिल हातात पडलं की आधी मोबाइलवर फोटो, आणि फोटो त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये. कामगारांनाही सवय लावली.

दुसरं अडलं स्क्रॅपमध्ये. टर्निंगच्या चिप्स गोण्या भरून जायच्या, महिन्याला बारा-पंधरा हजार रोख यायचे, आणि ते चहा, नाश्ता, कोणाला उचल यात जिरायचे. हिशेबात त्यांचा पत्ता नव्हता. मॅडमनी सांगितलं की स्क्रॅपची विक्री हीसुद्धा विक्रीच, बिल फाडायचं, जीएसटी लावायचा. यांना ते जड गेलं. चार दिवस घरात फारसं बोलणं नव्हतं. पण शेवटी यांनीच स्क्रॅपवाल्याला फोन करून सांगितलं की यापुढे बिलावर आणि बँकेतून.

२०२३-२४ चा नफा निघाला ९ लाख ४० हजार. नव्या कररचनेत कर आला ५३,०४०. टीडीएसचे ३८,००० वजा जाऊन १५,०४० भरायचे राहिले आणि वर ७५० रुपये व्याज, कारण ४४ एडीवाल्यांनी सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो आणि आम्ही एक रुपयाही भरला नव्हता. त्याच्या आधीच्या वर्षाचं विवरणपत्रही मॅडमनी अद्ययावत विवरणपत्र भरून दुरुस्त करून घेतलं. त्यासाठी कर आणि व्याज यांच्यावर २५ टक्के जादा भरावे लागले. हे पैसे भरताना पोटात कालवलं, खोटं कशाला सांगू. पण ऑगस्टमध्ये तीच फाइल घेऊन त्याच बँकेत गेलो. नफा-तोटा पत्रक होतं, ताळेबंद होता, दोन वर्षांचे खरे आकडे होते. बारा लाख मंजूर झाले. उरलेले आमची बचत आणि माझ्या सोन्यावर पतसंस्थेतून उचललेलं कर्ज.

आता मशीनची तारीख.

आमच्याकडे नवं यंत्र दसऱ्याला सुरू करायची रीत आहे. अण्णा, म्हणजे माझे सासरे, सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि दसऱ्याला नवीन काम धरायचं, हे त्यांच्या हाडात आहे. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता. मी मॅडमना सहज म्हणाले की मशीन दसऱ्याला सुरू करतोय. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर ओढलं आणि पेन टेकवत मोजायला लागल्या.

या वर्षापासून आम्ही ४४ एडी सोडून नियमित हिशेबावर आलो होतो. त्यात यंत्रावर दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो, म्हणजे यंत्र झिजतं तेवढी रक्कम नफ्यातून वजा. पण पहिल्या वर्षी यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर त्याच्या निम्माच. आमच्या मशीनची किंमत जीएसटी सोडून १८ लाख. पूर्ण घसारा २ लाख ७० हजार, निम्मा १ लाख ३५ हजार. दसऱ्यापासून ३१ मार्चपर्यंत १७१ दिवस भरत होते. "३ ऑक्टोबरपासून मोजलं तर बरोबर १८०," मॅडम म्हणाल्या. "ऑक्टोबरचे २९, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८, मार्च ३१. एक दिवससुद्धा इकडे तिकडे नको. आणि नुसतं बटण दाबून चालणार नाही, माल निघाला पाहिजे आणि त्याचा कागद पाहिजे."

घरी येऊन कालनिर्णय उघडलं. ३ ऑक्टोबर, घटस्थापना. आणि त्याच्या आधी १८ सप्टेंबरपासून २ ऑक्टोबरपर्यंत पितृपक्ष.

अण्णांना कसं सांगायचं याचा मला घोर लागला होता. पितृपक्षात नवी वस्तू आणणं त्यांना चालत नाही. मी सगळा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडला, रकमेसकट. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाले, "मशीन चतुर्दशीच्या आत आणून ठेवा. बसवणं, लेव्हल करणं म्हणजे सुरुवात नाही. आणि घट बसतो त्या दिवशी आपण पेरतोच की. तो काय वाईट दिवस आहे?"

१६ सप्टेंबरला क्रेननं मशीन गाळ्यात उतरलं. पुढचे पंधरा दिवस पाया, वायरिंग, वीजभार वाढवून घेणं, कंपनीच्या इंजिनिअरची ट्रायल. ३ तारखेला सकाळी घरी घट बसवून आम्ही सगळे गाळ्यावर गेलो. अण्णांनी नारळ फोडला. पहिला नग निघाला तेव्हा पावणेबारा झाले होते. यांनी तो पुसून मायक्रोमीटरवर घेतला, माप बसलं, आणि मी तपासणीच्या कागदावर तारीख, वेळ, प्रोग्राम नंबर लिहून यांची सही घेतली. संध्याकाळी १२० नगांचं चलन करून माल गिऱ्हाइकाकडे पाठवला. जॉबकार्ड, तपासणीचा कागद, चलन, हे तिन्ही आजही त्या मशीनच्या फाइलमध्ये पहिल्या पानाला आहेत. परतताना मुंबई नाक्यापाशी कालिकेच्या यात्रेची गर्दी होती, तिथे अर्धा तास अडकलो. पण त्या दिवशी कोणाला घाई नव्हती.

आकड्यात सांगायचं तर २०२४-२५ चा आमचा नफा नव्या मशीनच्या घसाऱ्याआधी १२ लाख ७० हजार होता. पूर्ण घसारा धरून उत्पन्न १० लाख, कर ५२,०००. दसऱ्याला सुरू केलं असतं तर ७३,०६०. एकवीस हजारांचा फरक. निम्मा घसारा बुडतो असं नाही, तो पुढच्या वर्षांत हळूहळू मिळत जातो. पण नवीन हप्ता सुरू झालेल्या पहिल्या वर्षी एकवीस हजार हातात असणं वेगळं. पुढच्या जुलैत, विवरणपत्र भरताना विचारलं असतं तर मॅडमसुद्धा काही करू शकल्या नसत्या. सप्टेंबरमध्ये सहज बोलले म्हणून जमलं.

मशीनवरचा जीएसटी ३ लाख २४ हजार होता. त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला जीएसटी आपण भरायच्या जीएसटीतून वजा करायची सोय) लगेच मिळालं, आणि ते पुढचे काही महिने भरण्यात वळतं झालं. काही जण जीएसटीसकट पूर्ण किंमत मालमत्तेत धरून त्यावर घसारा घेतात आणि क्रेडिटही घेतात. दोन्ही घेता येत नाही.

माझ्या पगाराबद्दल लिहायला हवं. शेजारच्या गाळ्यातले दादा यांना म्हणाले होते, "वहिनींच्या नावानं पगार टाका, नफा कमी होतो." मॅडमना विचारलं तर त्यांनी यांच्याऐवजी मलाच प्रश्न केले. शिक्षण काय, आधी नोकरी कुठे केली, इथे रोज किती तास बसता, काय काय बघता. कायद्यात कलम ६४ आहे. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला दिलेला पगार परत नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो, तिच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असून त्याच कामाचा तो मोबदला असेल तरच सुटतो. मी बी.कॉम. आहे, जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) झालेलं आहे, लग्नाआधी पतसंस्थेत सहा वर्षं हिशेब लिहिले. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बाबतीत आधार आहे. पण बाहेरचा अकाउंटंट ठेवला असता तर जेवढे दिले असते तेवढेच, दर महिन्याला बँकेतून, आणि नेमणुकीचं पत्र करून." अठरा हजार ठरले. स्त्रियांना महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसायकर नाही, त्यामुळे तोही कापायचा नव्हता.

पहिल्या महिन्याचे अठरा हजार माझ्या खात्यात आले तो मेसेज मी जपून ठेवला आहे. नऊ वर्षं मी तेच काम करत होते. वर्षाचे २ लाख १६ हजार, त्यावर मला कर काहीच नाही, तरी मी माझं स्वतःचं विवरणपत्र भरलं.

जीएसटीनं मात्र मला जास्त रडवलं. आमच्या बाजूनं बिल केलं की त्या महिन्याचा कर पुढच्या २० तारखेला भरायचा, मग गिऱ्हाइकाचे पैसे येवोत न येवोत. नव्वद दिवसांनी पैसे देणारं गिऱ्हाईक असलं की तीन महिने त्याचा कर आपण खिशातून भरायचा. आणि खरेदीच्या बाजूला, आपण पैसे मोजून घेतलेल्या मालाचं क्रेडिट पुरवठादारानं त्याचं विवरण भरलं तरच जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची दर महिन्याची यादी) दिसतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका पुरवठादाराकडून २ लाख ४० हजारांचा बार घेतला, १८ टक्क्यांनी ४३,२०० कर त्याला दिला, आणि त्यानं बिल दाखवलंच नाही. त्या महिन्यात ते ४३,२०० आम्हाला पुन्हा भरावे लागले. दोन महिने त्याच्या मागे लागून क्रेडिट मिळालं. तेव्हापासून नव्या पुरवठादाराला पहिल्या दोन-तीन बिलांना मी कराची रक्कम मागे ठेवते आणि २बी मध्ये दिसली की सोडते. आधी बोलून ठरवलं की कोणी रागावत नाही.

त्याच सुमारास गाळ्याच्या भाड्याचाही नियम बदलला. आमचे गाळामालक जीएसटीत नाहीत. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा भाड्यावरचा कर भाडेकरूनं स्वतः भरायचा आहे. १५,००० भाड्यावर २,७०० क्रेडिटमधून न वळवता आधी खिशातून भरायचे आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं. शेवटी बोजा शून्य, पण विसरलं तर व्याज. मॅडमचा मेसेज आला नसता तर आम्हाला कळलंच नसतं.

आणि ४५ दिवसांचा नियम. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) मी जून २०२४ मध्ये घरी बसून केली. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. २०२३-२४ पासून प्राप्तिकर कायद्यात ४३ बी चं एच हे पोटकलम आलं आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिलं पाहिजे. उशीर झाला आणि ३१ मार्चलाही बाकी राहिलं तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. मार्च २०२५ मध्ये आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधून आपणहून फोन आला, "तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा, बाकी क्लिअर करायची आहे." चार महिने अडकलेले पैसे आठवड्यात आले. उशिरावर चक्रवाढ व्याज मागायचा हक्कही कायद्यानं आहे, पण तो आम्ही कधी वापरला नाही. काम त्यांच्याकडूनच येतं.

हाच नियम उलटाही लागतो. हीट ट्रीटमेंटवाल्या काकांचे १ लाख ८५ हजार आमच्याकडे होते, आणि आम्ही आता नियमित हिशेबावर होतो. ते २८ मार्चला दिले. काका म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मार्चमध्ये न मागता पैसे आले.

पैसे साठवायची आमची रीत साधी आहे. बँकेत दुसरं खातं काढलं आहे. गिऱ्हाइकाची रक्कम आली की त्यातला जीएसटी आणि वर एकूण बिलाचा एक टक्का त्याच दिवशी तिकडे. टीडीएस आधीच कापलेला असतो, त्यामुळे आमच्या उलाढालीला एक टक्का पुरतो. नफ्याचं प्रमाण जास्त असलेल्या धंद्याला पुरणार नाही. त्यातून १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च असे आगाऊ कराचे चार हप्ते जातात. ३० जूनच्या आत २,५०० रुपयांचा व्यवसायकरही. एकदा यांनी त्या खात्यातून कामगाराच्या दवाखान्यासाठी पैसे घेतले, आणि पुढच्या जमेतून आधी ते भरले. मी न सांगता.

२०२५-२६ पासून नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. तेव्हापासून अंबडमध्ये बरेच जण म्हणतात, आता विवरणपत्राची कटकट गेली. तसं नाही. कर शून्य होतो तो सवलतीमुळे. उत्पन्न चार लाखांच्या वर असेल तर विवरणपत्र भरावंच लागतं. आणि उद्या मशीनला कर्ज हवं असेल तर बँक तेच मागणार. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदाही लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, आर्थिक वर्ष आणि निर्धारण वर्ष हा घोळ जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. मी वर जुनेच आकडे लिहिले आहेत, कारण आमचं सगळं त्याच कायद्याखाली घडलं. नवे मॅडमकडून वहीत उतरवून घेतले आहेत.

आज १६ तारीख. परवा २बी तयार झालं, त्यात बारवाल्याचं एक बिल दिसत नाही. २० च्या आत त्याला फोन करायचा आहे.